अ‍ॅम्बॅसेडर मिसिंग करते, बॅकफायर मारते? कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात लावा

जुनी पेट्रोल गाडी झटके खायला लागली की पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करणाऱ्या भागावर, चालतो. तो स्क्रू हाताशी असतो, फिरवला की इंजिनाचा सूर लगेच बदलतो, आणि काहीतरी दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. दोष मात्र बहुतेक वेळा इग्निशनमध्ये, म्हणजे स्पार्क देणाऱ्या यंत्रणेत, असतो. तो तसाच राहतो आणि वर कार्बोरेटरचं सेटिंगही बिघडतं. म्हणून खालचा क्रम पाळा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

इथले आकडे हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसेडरमधल्या १४८९ सीसी, बीएमसी बी-सिरीज पेट्रोल इंजिनाचे आहेत. इसुझू इंजिनाच्या गाड्यांना ते लागू नाहीत. पद्मिनीसाठी तपासणीचा क्रम हाच, आकडे तिच्या मॅन्युअलमधले घ्या.

आवाज कुठून येतो?

कार्बोरेटरमधून ‘फट्’ आवाज येत असेल तर तीन संशयित: मिश्रणात पेट्रोल कमी, इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्यात. सायलेन्सरमधून बार निघत असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतंय, म्हणजे एखादा सिलिंडर स्पार्क चुकवतोय किंवा टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) फार मागे पडलंय. फक्त उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट होत असेल, तर आधी एक्झॉस्टचे जोड आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहा. तिथून हवा आत शिरते.

आता गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मोकळ्या हवेत उभी करा. इंजिन गरम असताना चोक (हवा कमी करून मिश्रणातलं पेट्रोल वाढवणारी कळ) किंचित ओढा. चाल सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा येतेय. बिघडली किंवा काहीच फरक पडला नाही, तर इग्निशनकडे वळा.

कोणता सिलिंडर आळशी आहे?

इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून तिचं टोक बॉडीला पक्कं अर्थ करा, पुन्हा चालू करा. ज्या सिलिंडरची वायर काढूनही चाल पडत नाही, तोच काम करत नव्हता. वायर हवेत लोंबकळत ठेवू नका, कॉइलचं आतलं इन्सुलेशन जाऊ शकतं. चालू इंजिनावर उघड्या हाताने वायर ओढणंही नको.

मग चारही प्लग काढून क्रमाने मांडा. बिस्किटासारखा तपकिरी रंग ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर, ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर चढतंय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा. चारही सारखे काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक. गॅप ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६ मिमी.

डिस्ट्रिब्युटर: इथे घाई नको

डिस्ट्रिब्युटर स्पार्क प्रत्येक प्लगला वाटून देतो. त्याची कॅप काढून उजेडात तिरकी धरा. दोन टर्मिनलच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथून पळतोय, चुकीच्या सिलिंडरला जातोय. ती रेघ घासून जात नाही, कॅप बदला. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा हलतो का, रोटरला चीर आहे का, तेही पाहा. कोकणातल्या पावसाळ्यात निव्वळ कॅपच्या आतल्या दमटपणाने मिसिंग होतं. कोरड्या फडक्याने पुसून वाळवली की गाडी सरळ चालते. वायरींची परीक्षा रात्री करा: बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून दुरूनच पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या तर वायरींचा सेट बदला.

सीबी पॉइंटचा (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच (०.३५ ते ०.४० मिमी). कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडलेला असतानाच मोजा. पॉइंट काळेनिळे जळलेले असतील आणि उघडताना मोठी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) गेलाय. अर्धवट गेलेला कंडेन्सर थंड इंजिनात बरा वागतो आणि गरम झाला की गाडी बार काढायला लागते. या गाडीचं पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यातलं उत्पादन २०१४ साली थांबलं. आज बाजारात मिळणाऱ्या पॉइंट-कंडेन्सरचा दर्जा एकसारखा नसतो, तेव्हा नवा लावला म्हणून तो चांगलाच असं धरू नका. चालणारा जुना जपून ठेवा.

सर्वांत फसवी जागा म्हणजे आतल्या प्लेटची बारीक अर्थ वायर. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारा भाग) प्लेट फिरवतो तशी ती वायर वर्षानुवर्षं वाकत राहते आणि आवरणाच्या आत तुटते. बाहेरून अखंड दिसते. आयडलिंगला गाडी शांत, रेस बदलली की झटका. वायर हलकेच ताणून पाहा. रबरासारखी लांबली तर आत तांबं उरलेलं नाही. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा: प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्राम फाटलाय.

वायरींचा क्रम आणि टायमिंग

फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून कॅपवर वायरी त्याच दिशेने लावा.

टायमिंग पॉइंटचा गॅप लावल्यावरच करा, कारण गॅप बदलला की टायमिंग बदलतं; पॉइंटची टाच झिजली की ते मागे पडतं.

१. पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवा. दाब जाणवला की पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणा.
२. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर जोडा, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करा.
३. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने बल्ब विझेपर्यंत फिरवा, मग हळूहळू उलट. बल्ब लागला त्या क्षणी थांबा, क्लॅम्प घट्ट करा.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

इंजिन थंड असताना टॅपेटचा (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला) गॅप ०.०१५ इंच (०.३८ मिमी) ठेवा. आठ व्हॉल्व्ह पुढून मोजा. जो पूर्ण दाबलेला आहे त्याचा क्रमांक नऊमधून वजा करा, उरेल तो सेट करा. पहिला दाबलेला असेल तर आठवा, तिसरा असेल तर सहावा. भारतात २००० सालापासून शिसेमुक्त पेट्रोल आल्यावर जुन्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या सीटा लवकर झिजतात, व्हॉल्व्ह आत बसतो आणि गॅप आपोआप कमी होतो. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून खूश होऊ नका. घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह जळतो.

कॉम्प्रेशनसाठी चारही प्लग काढा, कॉइलची मुख्य वायर अर्थ करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर मारा. चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांत हवेत. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दोन आणि तीन दोन्ही पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता मोठी, कारण या दोघांचा एक्झॉस्ट पोर्ट सामाईक आहे आणि उष्णता तिथेच साठते.

हवेची गळती आणि पेट्रोल

इनलेट मॅनिफोल्डच्या आणि कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी फवारा. चाल बदलली तर तिथे गळती आहे. पेट्रोल किंवा क्लीनर मारू नका. तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अगदी शेजारी आहे. कार्बोरेटरचे नट जास्त आवळून बूड वाकलेलं असतं, तेही तपासा.

मग कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा, स्टार्टर मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात आलं पाहिजे. कमी आलं तर फिल्टर, टाकीतला गंज, पंपाचा डायफ्राम. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या मऊ करतं आणि मिश्रण थोडं लीनही (पेट्रोल कमी, हवा जास्त) करतं.

एवढं झाल्यावर जेट काढा. फुंकून किंवा कॉम्प्रेस्ड हवेने साफ करा. तार घातली तर भोक मोठं होतं. आयडलिंगचा जेट तुंबलेला असला की गाडी चोकवरच चालते. शेवटी मिश्रणाचा स्क्रू, तोही इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. १०-१५ किलोमीटर चालवा, मोकळ्या रस्त्यावर कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करा, आणि थंड झाल्यावर प्लग पुन्हा काढून रंग पाहा.