डर्ट ट्रॅकवर नव्याने येताय? आधी मनगटाचं बोलू

लायसन्स, हेल्मेट, टायर यांवर सांगणारे भरपूर आहेत, त्यामुळे ते मी भराभर उरकणार आहे. मला खरं लिहायचंय ते अंगठ्याच्या मुळाशी बसलेल्या काजूएवढ्या एका हाडाबद्दल. माझी बाइक रेसिंग त्या हाडाने संपवली. माझ्या ओळखीतल्या आणखी काहींचीही संपवली, पण त्यांना अजून वाटतं की वय झालं म्हणून ते थांबले.

मी कोल्हापूरचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी यामाहाच्या आरएक्स हंड्रेडवर सुरुवात केली. मग सुझुकीची शोगन आली, आणि अखेरची काही वर्षं एका टीमच्या परदेशी अडीचशे सीसीवर बसलो. राष्ट्रीय स्पर्धांत पोडियमवर उभा राहिलो, चॅम्पियन कधी झालो नाही. तेव्हा इथे जे सांगतोय ते चॅम्पियन व्हायचं गुपित नव्हे, एवढं आधीच सांगून टाकतो.

पहिलं लायसन्स. एफएमएससीआय म्हणजे देशातल्या मोटर रेसिंगची संघटना, तिचं स्पर्धा लायसन्स काढा, त्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र खरोखर तपासून घ्या. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता शिक्का मारून आणणारे महाभाग आमच्या काळात होते, आजही आहेत. आणि गावोगावी कुणाच्या तरी वाढदिवसाला ट्रॅक्टरने माती ओढून ज्या ‘रेस’ होतात, तिथे जाऊ नका. बक्षिसाचा आकडा बॅनरवर मोठा असतो. मैदानावर अँब्युलन्स आहे का, ट्रॅकवर झेंडे घेऊन उभे राहणारे मार्शल किती, ट्रॅक आणि प्रेक्षक यांच्यात दोरीशिवाय काय आहे, एवढं बघा आणि बाइक टेंपोत परत चढवा. मी अशा रेस केल्यात, पैसेही मिळवलेत. तरीही जाऊ नका म्हणतोय.

दुसरं, खरेदीचा क्रम. बूट, हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड, मग बाइक. सगळे उलट करतात. जुनी परदेशी मोटोक्रॉस बाइक कुणीतरी विकतंय, स्वस्तात मिळतेय, म्हणून घेतात. त्या इंजिनाचा हिशेब किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. अमुक तास चालली की पिस्टन बदला, तमुक तासांनी व्हॉल्व्ह बघा. विकणाऱ्याने अवरमीटर काढून ठेवला असेल तर समजून जा. त्यापेक्षा हिरोची एखादी एक्सपल्स घ्या, नाहीतर घरातली जुनी आरएक्स असेल तर तीच. अकरा हॉर्सपॉवरवर कोपरा नीट घेता येत नसेल तर चाळीसवर तो तुम्हाला घेईल. आमच्या वेळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात इंजिनाचं हेड घासून, पोर्ट मोठे करून, ट्यून केलेला सायलेन्सर ठोकून आणायची हौस होती. आवाज मस्त यायचा. गाडी खालच्या आरपीएमला मेलेली आणि वर एकदम अंगावर येणारी. नवख्याला शिकायला त्याहून वाईट गाडी सापडणार नाही.

हल्ली नवीन पोरं पोलंडमधल्या स्पीडवेचे व्हिडिओ बघून येतात. बार्तोश झ्मार्झलिक सहा वेळा जगज्जेता झालाय, त्याला कोपऱ्यात आडवं सरकताना बघितलं की कुणाच्याही अंगात येतं, हे मान्य. पण ती गाडी वेगळी आहे. पाचशे सीसी, मेथनॉलवर चालणारी, एकच गिअर, ब्रेक अजिबात नाही. चौघेजण चार लॅप फक्त डावीकडे वळत राहतात आणि डाव्या बुटाला खालून पोलादी पट्टी असते, ती मातीवरून घसरावी म्हणून. तुम्ही मुरुमाच्या खाणीत साध्या बुटाने पाय खाली टाकलात तर पाय घसरत नाही, रुततो. गाडी पुढे आणि गुडघा मागे. ही नक्कल करू नका. शिकायचंच असेल तर मातीचे उंचवटे रचलेल्या ट्रॅकवर उड्या मारत रेस करणाऱ्या आपल्या सुपरक्रॉसवाल्यांकडे बघा. सी. एस. संतोष 2015 मध्ये डकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, हारिथ नोहाने 2024 मध्ये तिथे आपला वर्ग जिंकला. दोघेही सुपरक्रॉसच्या मातीतूनच वर गेलेत. रस्ता आहे, फक्त लांबचा आहे.

आता हाडाबद्दल.

त्या हाडाला स्कॅफॉइड म्हणतात. मातीतल्या रेसमध्ये पडताना माणूस हात पुढे करतो. करू नये, पण करतोच. तळवा टेकतो, मनगट मागे मुडपतं आणि अंगाचा सगळा भार या छोट्या हाडावर येतो. माझं असंच झालं. प्रॅक्टिसमध्ये डबल जंप अपुरी पडली, पुढचं चाक दुसऱ्या उंचवट्याच्या कपाळावर आदळलं, मी हँडलवरून पुढे. उठलो. बोटं हलत होती, मूठ वळत होती, सूज म्हणावी तर किरकोळ.

रेसिंग शिकवणारे आमचे उस्ताद मैदानावरच होते. त्यांनी हात हातात घेतला, अंगठा ओढला, कट् असा आवाज आला. “बसलं बघ जागेवर. मुरगळलंय नुसतं. लेप लाव अन् उद्या ये.” तालमीच्या गावात वाढलेला मी, वस्तादाने हात ओढला की विषय संपला असंच डोक्यात बसलेलं. आंबेहळदीचा लेप लावला, क्रेप बँडेज गुंडाळलं. घरच्यांच्या हट्टाने एक्स-रेही काढला. फ्रॅक्चर नाही असा रिपोर्ट आला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

नेमकी मेख तिथेच आहे, म्हणून हे सावकाश वाचा. स्कॅफॉइडची बारीक भेग पहिल्या एक्स-रेत दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. एक्स-रे काढणाऱ्याची चूक नसते, वाचणाऱ्याचीही नसते. हाड तिरकं बसलेलं, आजूबाजूच्या हाडांच्या सावल्या त्यावर पडलेल्या. दहा ते चौदा दिवसांनी भेगेच्या कडा झिजल्या की तीच भेग पुन्हा काढलेल्या फोटोत दिसू लागते. एमआरआयमध्ये लवकर कळतं. म्हणजे पडल्या दिवशीचा स्वच्छ एक्स-रे हा या हाडाच्या बाबतीत निकाल नसतो. अर्धीच सुनावणी झालेली असते.

घरी काय बघायचं? ‘लाइक’ दाखवतो तसा अंगठा वर ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन शिरांमध्ये एक खळगा पडतो. दुसऱ्या हाताच्या बोटाने तिथे आत दाबा. तिथे कळ आली तर मुरगळलंय हा शब्द तोंडातून काढायचा नाही. अंगठा सरळ धरून मनगटाच्या दिशेने आत ढकलला तरी दुखतंय का, तेही बघा. दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट विचारा, “स्कॅफॉइड असू शकेल का?” या हाडासाठी वेगळ्या कोनातून एक्स-रे काढतात, तो काढायला सांगा. त्यातही काही दिसलं नाही तरी शहाणा डॉक्टर अंगठ्यासकट मनगट बांधून ठेवतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतो. तो घाबरवतोय, पैसे काढतोय, असं समजून ते बांधलेलं स्वतः सोडू नका. मी हे सांगून सांगून थकलोय, पोरं तिसऱ्या दिवशी कात्री घेऊन बसतात.

इतकं का ताणतोय तेही सांगतो. बहुतेक हाडांना रक्त सगळीकडून मिळतं. स्कॅफॉइडमध्ये ते मुख्यतः बोटांकडच्या टोकाने शिरतं आणि तिथून उलटं मनगटाकडे जातं. हाड मधे तुटलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो. म्हणून ते सावकाश जुळतं. वेळेवर प्लास्टर झालं तरी सहा ते बारा आठवडे, आणि भेग मनगटाच्या बाजूला असेल तर त्याहून जास्त किंवा सरळ स्क्रू. वेळेवर काही झालंच नाही तर दोन तुकडे एकमेकांवर घासत राहतात. सिगारेट ओढणाऱ्यांचं जुळायला आणखी उशीर लागतो, हेही ऐकून ठेवा. हात चालत राहतो, रेस होत राहतात, आणि आतल्या आत सांधा झिजत जातो.

मी बँडेजवर अख्खा सीझन काढला. थ्रॉटल पिळताना दुखायचं नाही, जंपवरून उतरताना दुखायचं. त्यामुळे नकळत जंपआधी गॅस सोडायला लागलो. लॅप टाइम घसरला. उस्ताद म्हणाले, घाबरायला लागलास. मलाही तेच खरं वाटलं. पुढे दंड मारताना तळवा जमिनीवर टेकवेना, मुठीवर मारायला लागलो, तेव्हा कुठे मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि विचारलं, हे कधी मोडलं? कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मनगटात भरला, स्क्रू घातला. हाड जुळलं. मनगट मात्र मागे पूर्वीइतकं वळलं नाही. मनगट उजवं, आणि थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात, त्यामुळे रेसिंग संपली हा हिशेब उघड होता.

हे फक्त आमच्यासारख्यांचं होतं असं नाही. मोटोजीपीत केसी स्टोनरचं 2003 साली मोडलेलं स्कॅफॉइड 2008 मध्ये पुन्हा उफाळलं आणि त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. होर्हे लोरेन्झोने 2019 च्या जानेवारीत सरावात डाव्या हाताचं हेच हाड मोडून घेतलं. त्याला लगेच स्क्रू बसला, कारण लगेच तपासलं गेलं.

उस्तादांवर माझा राग आहे का, असं लोक विचारतात. नाही म्हणणार नाही. पण क्लच कसा सोडायचा, गेटवर नजर कुठे ठेवायची, ओल्या मातीत कुठली रेघ धरायची, हे सगळं त्यांनीच शिकवलं, फुकट शिकवलं. मैदानावरचा गुरू मैदानापुरता. तालमीतल्या वस्तादाकडे खांदा उतरला म्हणून जाणारी माणसं बरी झालेली मी पाहिलीत, तरीही मनगटाला हात लावू देऊ नका. गुरू निवडताना त्याच्या ट्रॉफ्या मोजत बसू नका. त्याच्याकडची पोरं पडल्यावर तो काय करतो ते बघा. “काय होत न्हाई, बस गाडीवर” म्हणणारा असेल, तर त्याच्याकडून स्टार्ट शिका आणि घरी या. डोक्याला मार लागला असेल तेव्हा तर त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचंच नाही, मग फायनल असो की काही असो. ते हेल्मेटही त्याच दिवशी बाद.

एवढं वाचून कुणी बाइक विकायला काढू नका. बहुतेक पडण्यांमध्ये काहीच मोडत नाही. पहिल्या सीझनमध्ये तर इतकं पडाल की पडण्याची भीती आपोआप जाते, आणि तो खेळाचा चांगला भाग आहे. वय पंचवीस झालं, उशीर झाला, असंही समजू नका. डकार जिंकायची तर उशीर झालाय. नवख्यांच्या नोव्हिस क्लासमध्ये उतरायला झालेला नाही. आज पोरांना जे मिळतंय ते आम्हाला नव्हतं. 2024 च्या जानेवारीत बालेवाडीच्या मैदानावर परदेशी रायडरांबरोबर सुपरक्रॉस लीग झाली. आमच्या वेळी परदेशी रायडर मासिकाच्या पानावर दिसायचा. मुलींनीही यावं. ऐश्वर्या पिस्से 2019 मध्ये बाहा म्हणजे छोट्या पल्ल्याच्या रॅलींच्या जागतिक स्पर्धेत महिलांमध्ये पहिली आली, तेव्हा ‘हे पोरींचं काम नव्हे’ म्हणणाऱ्या काकांना एवढं एक नाव पुरतं.

स्पॉन्सरचं विचारता, तर टायर मिळेल, तेल मिळेल, टी-शर्ट नक्की मिळेल. रोख रक्कम फार थोड्यांना मिळते. नोकरी किंवा धंदा सोडू नका. माझं गॅरेज तेव्हाही चालू होतं म्हणून ऑपरेशनचे पैसे उभे राहिले.

गाडीवर दोन बारीक गोष्टी आजच करा. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर थोडे खाली झुकवा, उभं राहून चालवताना हात आणि मनगट एका रेषेत आले पाहिजेत. आणि लिव्हरचे क्लॅम्प करकचून आवळू नका. हाताने जोर लावला तर फिरतील इतपत ठेवा, म्हणजे पडल्यावर लिव्हर तुटत नाही आणि त्यात बोट अडकलं तर तेही वाचतं. हँडल उंच करायचं फॅड मला पटत नाही, ठेंगण्या माणसाने तर मुळीच करू नये.

आणि मागच्या सहा महिन्यांत कुणी हातावर पडला असेल, अजून दंड मारताना टोचत असेल, तर पुढच्या प्रॅक्टिसआधी खळगा दाबून बघा. डॉक्टरकडे जाताना जुना एक्स-रे न्या, पण फिल्म न्या. नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका.