इंडेक्स सीएफडी रात्रभर ठेवताय? आधी हे बघा

इंडेक्स सीएफडी म्हणजे निर्देशांक प्रत्यक्ष विकत न घेता त्याच्या चढ-उतारावर ब्रोकरशी केलेला करार. बरेच जण स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातला फरक) बघून ब्रोकर निवडतात आणि ओव्हरनाइट चार्जकडे, म्हणजे पोझिशन (चालू सौदा) रात्रभर ठेवल्याच्या व्याजाकडे बघतच नाहीत, पण पोझिशन दोन-तीन आठवडे ठेवायची असेल तर खरा खर्च तिथेच असतो. चार्ज मार्जिनवर (सौद्यासाठी तुम्ही भरलेल्या रकमेवर) नाही, पूर्ण पोझिशनवर लागतो, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

समजा 10,000 डॉलरची लाँग (भाव वाढेल या अंदाजाची) पोझिशन आहे, मार्जिन भरलंय फक्त 500, आणि बेंचमार्क रेट (बाजारातला मूळ व्याजदर) 5 टक्के अधिक ब्रोकरचे 2.5, म्हणजे वर्षाला 7.5 टक्के. 360 ने भागलं की एका रात्रीचे साधारण 2.08 डॉलर. किरकोळ वाटतं ना? 30 रात्रींचे 62.5 होतात, म्हणजे मार्जिनच्या साडेबारा टक्के, मार्केट जागचं हललं नाही तरी!

शॉर्टमध्ये (भाव पडेल या अंदाजाच्या पोझिशनमध्ये) ब्रोकर बेंचमार्क रेटमधून आपला हिस्सा वजा करतो, त्यामुळे रेट चांगला असेल तर थोडे पैसे उलट मिळतातही, कमी असेल तर शॉर्टवालाही भरतो. वीकेंड धरून तीन दिवसांचा चार्ज एकदम कापतात, कुठल्या वारी ते ब्रोकरच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघून घ्या.

डिव्हिडंड अ‍ॅडजस्टमेंट वेगळी. एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) इंडेक्स तेवढा खाली येतो, लाँगला क्रेडिट, शॉर्टला डेबिट, त्यामुळे शॉर्टवाल्यांनी ती घसरण नफा समजू नये. जर्मनीच्या डॅक्स इंडेक्समध्ये डिव्हिडंड आधीच धरलेला असतो, तिथे हा प्रकार सहसा नसतो.

जास्त दिवस थांबायचं असेल तर फ्युचर्सवर (पुढच्या ठरलेल्या तारखेच्या सौद्यांवर) आधारित सीएफडी बघा, स्प्रेड मोठा असतो पण रोजचा चार्ज सहसा नसतो.