सात दुकानांच्या कंपनीचं ऑडिट कसं आखावं

चार कृषी केंद्रं, तीन किराणा मार्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी अशा तालुक्याच्या गावांत पसरलेली, पण कागदावर एकच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. अशा कंपनीची जुनी ऑडिट फाईल उघडली की पहिल्याच पानावर ठरलेला तक्ता असतो: विक्री, जोखीम जास्त; खरेदी, मध्यम; स्टॉक, जास्त; रोख, जास्त. हा तक्ता नागपूरच्या मॉलमधल्या कपड्याच्या दुकानालाही जसाच्या तसा लागू पडतो. म्हणजे कुणीतरी तो कुठून तरी उतरवलाय. तो बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर सुरुवात करा.

नेमणुकीचं पत्र, आधीच्या ऑडिटरशी पत्रव्यवहार, मागच्या वर्षीच्या शिल्लक रकमा हे सगळं झालंय असं धरतो. एकच गोष्ट आत्ताच बघून घ्या. कंपनी कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ती ‘छोटी कंपनी’ नसेल आणि एकूण उत्पन्न १० कोटींच्या वर गेलं असेल, तर खासगी कंपनी असली तरी कारो २०२० (ऑडिटरनं अहवालात काय काय लिहायचं ते सांगणारा सरकारी आदेश) लागतो आणि मालाच्या मोजणीबद्दल अहवालात लिहावंच लागतं. हे सप्टेंबरमध्ये लक्षात आलं तर उपयोग नाही, कारण मोजणीचा दिवस मार्चमध्येच निघून गेलेला असतो.

पहिली पायरी: कंपनीचं वर्ष एका पानावर मांडा

एसए म्हणजे ऑडिटची ठरलेली मानकं. त्यातलं एसए ३१५ सांगतं की आधी धंदा आणि त्याचं वातावरण समजून घ्या. लोक त्याचा अर्थ ‘कंपनीची स्थापना अमुक साली झाली’ असं दीड पान लिहिणं असा घेतात. आपल्याकडे धंदा समजून घेणं म्हणजे सिझन समजून घेणं. एप्रिल-मे मध्ये खत भरून ठेवलं जातं. मिरग लागला की बियाणं उठतं, निम्मं उधारीवर. पोळ्याच्या आगेमागे औषधं जातात. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन आलं की थोडी उधारी फिटते, कापूस विकला की उरलेली. बियाण्याच्या न विकलेल्या पिशव्या कंपनीला वापस जातात, त्यांच्या क्रेडिट नोटा (तेवढी रक्कम खात्यात वळती केल्याचे कागद) नंतर कधीतरी येतात. किराणा मार्टला याच पैशाची झळ लागते, फक्त पंधरा दिवस उशिरा.

हे पान तयार झालं की ३१ मार्चला काय असायला हवं आणि काय नको, हे आपोआप दिसतं. उदाहरणार्थ, कपाशीचं बियाणं मार्चअखेर दुकानात भरपूर दिसलं तर ते पुढच्या सिझनचं नव्हे, मागच्या सिझनचं पडून राहिलेलं आहे. त्याची मुदत बघायची, किंमत नाही.

दुसरी पायरी: मटेरिॲलिटी, म्हणजे किती रकमेपर्यंतची चूक चालवून घ्यायची

इथे माझं मत ठाम आहे: दुकानदारीत उलाढालीचा टक्का आंधळेपणानं धरू नका. समजा उलाढाल १८ कोटी आणि करपूर्व नफा ३० लाख. उलाढालीचा एक टक्का म्हणजे १८ लाख, म्हणजे अर्ध्याहून जास्त नफा खोटा निघाला तरी तुम्ही ‘चालतंय’ म्हणणार. नफ्याचे पाच टक्के धरले तर दीड लाख. मी दीड लाखाच्या बाजूला राहतो आणि प्रत्यक्ष तपासणीसाठी त्याचेही सत्तर टक्केच धरतो. आर्टिकल, म्हणजे सीए शिकता शिकता हाताखाली काम करणारे पोट्टे, कुरकुरतात. कुरकुरू द्या.

तिसरी पायरी: माल मोजण्याची आखणी

हा टप्पा मला पूर्वी जमत नव्हता, म्हणून याच्यावर जास्त बोलतो.

पहिल्या मोठ्या कंपनीच्या वेळी माझ्याकडे दोनच आर्टिकल होते. मी शहाणपणा केला: ३१ मार्चला मुख्य गोडाऊन, १ एप्रिलला दुसऱ्या गावचं. मुख्य गोडाऊनात डीएपीच्या थप्प्या मोजताना एक बॅग दिसली. कोपरा फाटलेला, लाल सुतळीनं शिवलेला, वर निळ्या शाईनं मोठा ७ काढलेला. मी आर्टिकलला म्हटलं, ही पूर्ण धरू नको, वजन कमी भरेल. दुसऱ्या दिवशी तासाभराच्या अंतरावरच्या गोडाऊनात तिसऱ्या थरात तीच बॅग. तीच लाल सुतळी, तोच निळा ७. हमालाला विचारलं. तो म्हणाला, “रात्री गाडी आली ना साहेब, तिकडच्याच बॅगा होय ह्या.” त्याला काही लपवायचं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेठ म्हणाले, सिझनची तयारी. चलन? नव्हतं. त्यांचं खरं की खोटं हे मला आजही सांगता येणार नाही, पण चूक माझी होती. सुतळी पांढरी असती तर तेवढ्या बॅगा मी दोनदा मोजून सही केली असती.

तेव्हापासूनचे माझे नियम. मालाची हालचाल होऊ शकते अशी सगळी गोडाऊनं एकाच दिवशी, एकाच वेळी मोजायची. माणसं कमी असतील तर दुसऱ्या फर्मची घ्या, सातपैकी लहान दोन दुकानं सोडा, पण खताची गोडाऊनं फोडून वेगवेगळ्या दिवशी नाही. मोजणी सुरू करण्याआधी प्रत्येक ठिकाणचं शेवटचं बिल, शेवटचं खरेदी चलन आणि शेवटचं अंतर्गत बदलीचं चलन यांचे क्रमांक स्वतःच्या हातानं लिहून घ्या. बदलीची चलनंच नसतील तर तीच तुमची पहिली नोंदवायची जोखीम. मोजलेल्या थप्पीवर खडूनं खूण करा. आणि लहान ठिकाणांपैकी कुठे येणार हे आधी सांगू नका.

‘गावं दूर आहेत, जाणं शक्य नव्हतं’ असं वर्किंग पेपरमध्ये (ऑडिटरच्या तपासणीच्या टिपणांत) लिहिलेलं मी वाचलंय. एसए ५०१ प्रमाणे त्रास होणं आणि अशक्य असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एसटी जाते तिथं ऑडिटर जाऊ शकतो.

आणखी एक फसवा सल्ला: ‘किमतीनं सत्तर टक्के माल मोजला की झालं.’ ही यादी तुम्ही पुस्तकातून काढता, म्हणजे पुस्तकात जे आहे तेच शोधता. त्यानं फुगवलेला स्टॉक सापडेल. लपवलेला माल सापडायचा असेल तर उलट जा: गोडाऊनात उभं राहून कुठल्याही वीस वस्तू उचला आणि त्या यादीत आहेत का बघा. आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच कंपनीत भेटतात, कारण बँकेला स्टॉक जास्त दाखवायचा असतो आणि आयकराला कमी. कारो लागत असेल आणि सीसी लिमिट (माल तारण ठेवून बँकेनं दिलेली कर्जाची मर्यादा) ५ कोटींच्या वर असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का हे कारोमध्येच लिहावं लागतं. लिमिट कमी असली तरी मी मार्चचं स्टॉक स्टेटमेंट मागतोच. ते देताना मुनीमजी जितका वेळ घेतात, तितकी ती जोखीम मी वर सरकवतो.

आता खताची गंमत. अनुदानित खत ई-पॉस मशीनवर आधारचा अंगठा लावून विकावं लागतं, म्हणजे सरकारनंच तुमच्यासाठी दुसरी खातेवही लिहून ठेवली आहे. शिवाय दुकानाबाहेर साठा आणि भावाचा फलक लावणं बंधनकारक असतं. त्यामुळे युरियाचे चार आकडे मिळतात: थप्पीतला, मशीनमधला, टॅलीतला आणि फलकावरचा. मोजायला जाताना आधी फलकाचा फोटो काढा, नंतर आत शिरा.

३१ मार्चला एखाद्या ठिकाणी जाणं राहिलं आणि ५ एप्रिलला मोजलं तर आकडा मागं न्यावा लागतो. ५ तारखेला २४६ बॅगा. मधल्या काळात १४ विकल्या, २ तारखेला १०० आल्या. म्हणजे ३१ मार्चला २४६ अधिक १४ वजा १००, १६० बॅगा. मशीन म्हणतं १९०. तीस बॅगा कुठे गेल्या? नेहमीचं उत्तर: रेंज नव्हती, माल दिला, अंगठा नंतर घेऊ. असेल. मग त्या तीस बॅगांची उधारी कुणाच्या नावावर आहे ते दाखवा म्हणा. कुणाच्याच नावावर नसेल तर रोख विक्री बिलाशिवाय झाली. उलट, थप्पीत माल जास्त आणि मशीनमध्ये कमी असेल तर अंगठे लागले पण माल गेला नाही, हे त्याहून वाईट. दोन्हींसाठी फाईलमध्ये वेगवेगळी ओळ हवी. ‘स्टॉकमध्ये फरक’ एवढं लिहून भागत नाही.

मालाची किंमत हा यातला शेवटचा भाग. औषधांच्या बाटल्यांवरची मुदत वाचा, प्रत्येक खोक्यातली एक तरी. मुदत संपलेला माल ‘कंपनी वापस घेते’ असं सगळेच सांगतात. घेते का, हे मागच्या वर्षीच्या क्रेडिट नोटेवरून ठरवा. वर्षाच्या शेवटी मिळणारी उलाढालीवरची स्कीमही इथेच बघा, कारण ती खरेदीची किंमत कमी करते आणि तिचा कागद बहुतेक वेळा एप्रिल-मे मध्ये येतो.

चौथी पायरी: उधारी

इथे शिलकेची खातरजमा करणारी पत्रं पाठवून काही होत नाही. तीनशे शेतकऱ्यांना पोस्टानं पत्रं पाठवली तर सहा उत्तरं येतात, त्यातली दोन ‘आम्ही कवाच पैसे देल्ले’ अशी. ती दोनच कामाची, पण त्यावर निष्कर्ष काढता येत नाही. मी वेगळं करतो: ३१ मार्चची उधारीची यादी घेतो आणि एप्रिल-मेमध्ये प्रत्यक्ष किती वसूल झाली ते बँकेत आणि गल्ल्याच्या वहीत बघतो. दोन सिझन होऊन गेलेली उधारी बुडीत धरायला शेठ तयार नसतात. “त्याचं वावर हाये ना” हे उत्तर ठरलेलं. वावर त्याचं आहे, कंपनीचं नाही. संचालकांच्या भाऊबंदांच्या नावांवरची उधारी वेगळी काढा.

पाचवी पायरी: विक्री, रोख, सॉफ्टवेअर

विक्रीत फसवणुकीची जोखीम असतेच असं एसए २४० गृहीत धरायला सांगतं. आपल्याकडे ती जूनमध्ये असते. बिनपरवानगीचं तणनाशक-सहनशील बियाणं, ज्याला सगळे चोर बीटी म्हणतात, ते पुस्तकातही नसतं आणि गोडाऊनातही सापडत नाही. दिसलंच तर जूनच्या रोख जमेत दिसतं. म्हणून जून महिन्याची रोख मी रोजच्या रोज बघतो, बाकीची महिन्याची महिन्याला. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख आली का, हेही त्यातच कळतं.

किराणा मार्टसाठी २०२५-२६ च्या वर्षात एक तारीख गोल करून ठेवा: २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी अंघोळीच्या साबणाची वडी, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. प्रत्येक दुकानाच्या बिलिंगमध्ये दर कुणी, कधी बदलला? तीनही मार्टची २१ आणि २२ तारखेची बिलं शेजारी ठेवा. एका दुकानात बदल उशिरा झालेला असण्याची शक्यता मी कायम धरतो.

एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (कुठली नोंद कधी, काय बदलली याची आपोआप राहणारी खूण) चालू असायला हवा. फक्त टॅलीत नाही, दुकानातल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही बघा.

सहावी पायरी: तारखा

फेब्रुवारीत दोन दिवस दुकानांत फिरून या, जोखमीचं पान पक्कं करा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मोजणीच्या सूचना लेखी द्या. ३१ मार्चला मोजणी. एप्रिलमध्ये आकडे मागं-पुढं नेणं आणि उधारी. बाकी सगळं मेअखेर संपवा. जूनमध्ये गेलात तर शेठ गल्ल्यावर, मुनीमजी मशीनवर आणि तुम्ही खताच्या रांगेत उभे. वार्षिक सभेची मुदत ३० सप्टेंबर आहे म्हणून निवांत राहणारे मी पाहिलेत. ते ऑगस्टमध्ये पोळ्याच्या गर्दीत जाऊन कागद मागतात.

मध्ये काही वेगळं दिसलं तर आखणी बदला आणि का बदलली ते तारखेसह लिहा. एसए ३०० ला तेच अपेक्षित आहे.

३१ मार्चच्या पिशवीत हे ठेवा: खडू, बॅटरी, कार्बन लावलेली मोजणीची पानं, पाणी आणि मास्क. औषधाच्या गोडाऊनात उपाशीपोटी जाऊ नका आणि तिथे बसून डबाही खाऊ नका. एकदा एका आर्टिकलनं खोक्यावरच डबा उघडला होता. तेव्हा मी मोजणी थांबवून त्याला आधी नळावर पाठवलं होतं.