एकाच नावाच्या चार गाड्या: कुटुंबासाठी छोटी एसयूव्ही साल पाहून कशी पारखावी

‘मारुतीची ब्रेझा घ्यावी का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या सालची? सेकंड हँड गाडी शोधताना आम्ही घरात तीन महिने हाच घोळ घातला. बाबांच्या डोक्यात एक ब्रेझा होती, बायकोच्या डोक्यात दुसरी, आणि जाहिरातींमध्ये तिसरीच दिसत होती. नाव एक, पण इंजिन, गिअरबॉक्स, सुरक्षा आणि मागच्या सीटवरचा एसी, सगळं वेगळं. म्हणून गाडी बघायला घराबाहेर पडण्याआधी वही उघडा.

आधी वहीत सालं मांडा

एका पानावर एकच मॉडेल. डावीकडे साल, उजवीकडे त्या साली काय बदललं. ब्रेझाचं पान असं होतं.

मार्च २०१६ मध्ये ती ‘विटारा ब्रेझा’ या नावाने आली, तीही फक्त डिझेलमध्ये: १२४८ सीसी, ९० पीएस. २०१८ मध्ये या डिझेलला एएमटी, म्हणजे क्लच आपोआप दाबणारा गिअरबॉक्स मिळाला. फेब्रुवारी २०२० मध्ये फेसलिफ्ट आलं आणि डिझेल कायमचं गेलं. त्याजागी १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन, सोबत चार गिअरची ऑटोमॅटिक. ३० जून २०२२ ला दुसरी पिढी आली, नावातलं ‘विटारा’ गळलं, ऑटोमॅटिकला सहा गिअर झाले. मार्च २०२३ मध्ये सीएनजी आली.

आता ‘२०२२ ची ब्रेझा’ अशी जाहिरात घ्या. ती दोन्ही पिढ्यांपैकी कुठलीही असू शकते. डिकीच्या दारावर ‘विटारा ब्रेझा’ लिहिलंय की नुसतं ‘ब्रेझा’, एवढं पाहिलं तरी उलगडा होतो. आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, तेही पाहा. जानेवारीत रजिस्टर झालेली गाडी आदल्या वर्षीच्या स्टॉकमधली निघू शकते.

कातडं बदललं की हाडं?

फेसलिफ्ट म्हणजे बंपर, दिवे, डॅशबोर्ड. पिढी बदलते तेव्हा सांगाडा बदलतो, असं आपण धरून चालतो, पण तसं दर वेळी होत नाही. ब्रेझाच्या दोन्ही पिढ्यांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २५०० मिमी आणि रुंदी १७९० मिमीच आहे. वाढली ती उंची, १६४० वरून १६८५ मिमी. मागच्या सीटवर गुडघ्यांना जास्त जागा मिळेल म्हणून नव्या पिढीचे जास्त पैसे मोजणार असाल, तर आधी दोन्ही गाड्यांत बसून पाहा.

टाटा नेक्सॉनचं उदाहरण उलटं आहे. ती २०१७ मध्ये आली, जानेवारी २०२० आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बदलली. कागदावर हे दोन्ही फेसलिफ्ट. पण २०२३ च्या गाडीत बसलं की आतलं जग वेगळं वाटतं. डिकी ३५० वरून ३८२ लिटर झाली आणि सात गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक आली. तेव्हा फेसलिफ्ट आहे की पिढी या शब्दावर अडू नका. आपल्या घराला ज्याने फरक पडतो ते बदललं का, एवढंच विचारा.

पार्किंग मोजा, मगच पुढे जा

या गाड्यांची लांबी ३९९५ मिमीच्या आसपास येऊन थांबते, कारण चार मीटरच्या आत राहिलं तर कर कमी. (इंजिनाचीही अट आहे: पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. म्हणून ब्रेझाचं १४६२ सीसीचं पेट्रोल या सवलतीत बसत नाही, नेक्सॉनचं १.२ बसतं. सप्टेंबर २०२५ पासून हा फरक ४० टक्के आणि १८ टक्के जीएसटी इतका आहे.) लांबीत वाढता येत नाही, मग नवी पिढी रुंदीत किंवा उंचीत वाढते. ह्युंदाई व्हेन्यूचंच पाहा. २०१९ ची १७७० मिमी रुंद, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली नवी १८०० मिमी.

तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असं शोरूममध्ये वाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन खांबांमधली मोकळी जागा २३७० मिमी आहे. त्यातून ब्रेझाचे १७९० वजा केले की उरतात ५८० मिमी. बाकीच्यांना गेटपाशी उतरवून डावीकडे खांबाला चिकटवून गाडी लावली, तर ड्रायव्हरला अंग चोरून बाहेर पडता येतं. जाडजूड माणसाला नाही. शिवाय कंपनी देते ती रुंदी आरसे सोडून असते. मेजरिंग टेप घ्या, खांब, गेट आणि रॅम्पचं वळण मोजा. स्टॅक किंवा पझल पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारे यांत्रिक पाळणे) असेल तर सेक्रेटरींकडून खालच्या पाळण्याची उंचीची आणि वजनाची मर्यादा लेखी घ्या. अनेक जुने पाळणे सेडानच्या उंचीला बनवलेले आहेत, आणि तिथे ४५ मिमीने उंच झालेली गाडी अडते.

मुंबईचे किलोमीटर तासांत मोजा

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हे. ‘फक्त ४०,००० किलोमीटर चाललेली’ या वाक्यावर भाळू नका. कोल्हापूरला मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या सरासरीने चाललेल्या गाडीचं इंजिन तेवढ्या अंतरात ८०० तास फिरलं. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर रोज ताशी २० ने रांगणाऱ्या गाडीचं २००० तास. क्लच, ब्रेक, एसीचा कॉम्प्रेसर, इंजिन माउंटिंग, सगळं तासांच्या हिशेबाने झिजतं. मॅन्युअल गाडी असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० च्या आसपास असताना अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तशीच राहिली, तर क्लच प्लेट गेली. तो खर्च किमतीतून कापून मागा.

ऑटोमॅटिक हवी असेल तर पिढी जास्तच महत्त्वाची ठरते. जुन्या डिझेल ब्रेझातली एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच मशीन दाबते. गर्दीत मान हलते आणि चढावर गाडी किंचित मागे सरकते. २०२० पासून टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी ऑटोमॅटिक) आला, तो मऊ चालतो, पण चार गिअरमुळे हायवेवर इंजिन ओरडतं. सहा गिअरने ते बरंच शमलं. रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून जाणार असाल, तर टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. संध्याकाळी सात वाजता घ्या, एसी चालू, चार माणसं आत.

डिझेल घेताना एक रेघ ओढा: एप्रिल २०२०. प्रदूषणाच्या नियमांनुसार त्याआधीच्या बहुतेक गाड्या बीएस ४, नंतरच्या बीएस ६. बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग, वेगात पळावी लागते. दादर ते परळ आणि परत एवढंच चालवलं तर जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आठवड्याला पुणे-नाशिक असेल तर डिझेल जरूर घ्या. शाळा, भाजी आणि ऑफिस एवढंच असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी. मात्र ब्रेझाच्या सीएनजी टाकीने डिकी खाल्ली आहे. गणपतीला गावी जाताना मखर, पाच जणांच्या बॅगा आणि आजीचं औषधांचं बोचकं कुठे ठेवणार, ते आधी ठरवा. नेक्सॉनच्या सीएनजीत दोन छोट्या टाक्या खाली बसवल्याने ३२१ लिटर जागा उरते.

दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल दिसली तर थांबा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. २०१६ ची पहिली डिझेल ब्रेझा आता त्याच वयात आली आहे. एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्त राहत नाही.

तारे मोजताना साल वाचा

विटारा ब्रेझाला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०१८ साली प्रौढांसाठी ४ तारे मिळाले, मुलांसाठी मात्र २. नेक्सॉनला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ५ तारे. पण २०२२ च्या मध्यापासून ही परीक्षा कडक झाली. बाजूने बसणारी धडक आणि घसरण रोखणारी ईएससी यांचाही हिशेब आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉनने या नव्या परीक्षेत पुन्हा ५ तारे मिळवले. २०१८ चे पाच आणि २०२४ चे पाच एका तराजूत घालता येत नाहीत.

आणि तारे मॉडेलला मिळतात, तुमच्या व्हेरिएंटमध्ये काय आहे ते वेगळं बघायचं. दोन एअरबॅग नव्या गाड्यांना २०२१ अखेर सक्तीच्या झाल्या, त्याआधीचं बेस मॉडेल घेताना स्टेअरिंगवर आणि डॅशबोर्डवर शिक्का बघा. लहान मूल असेल तर त्याची सीट अडकवायचे आयसोफिक्स हुक बोटाने चाचपून पाहा. सनरूफसाठी एक लाख जास्त मोजण्यापेक्षा ईएससी आणि सहा एअरबॅग असलेला व्हेरिएंट घ्या, इथे मी तडजोड करणार नाही.

मे महिन्यात मागे बसणाऱ्यांचाही विचार हवा. पहिल्या पिढीच्या ब्रेझात मागच्या सीटला एसीचे झरोके नव्हते, दुसऱ्या पिढीत आले. माझ्या आईसाठी आमचा निर्णय याच एका गोष्टीवर फिरला. पण तिची स्वतःची कसोटी वेगळीच होती. गाडी दाखवायला नेलं तेव्हा तिने ना रंग पाहिला, ना स्क्रीन. गुडघे धरून आत बसली, उतरली, पुन्हा बसली आणि म्हणाली, ‘हिच्यात चढता-उतरताना मला कुणाचा हात धरावा लागत नाही.’ घरातल्या ज्येष्ठांना टेस्ट ड्राइव्हला न्याच.

पावसाचं पाणी शोधा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला. तो दिवस विसरता येत नाही, पण गाडी बुडायला तेवढा पाऊस लागत नाही. हिंदमाता किंवा मिलन सबवेमध्ये एखाद्या जुलैच्या दुपारी अडकणं पुरतं. आम्ही एक गाडी जवळजवळ पक्की केली होती. चकचकीत, सुगंधी, सीट कव्हर नवीन. मेकॅनिकने मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

तेव्हापासून मी हा क्रम पाळतो. सगळे बेल्ट पूर्ण ओढायचे. डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात घालायचा. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा वास, हेडलॅम्पच्या आतलं बाष्प पाहायचं. सर्व्हिस हिस्टरीत जुलै-ऑगस्टमध्ये मोठं बिल आहे का आणि विम्याचा दावा झालाय का, ते विचारायचं. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या दुरुस्तीची पावती विक्रेता आपणहून दाखवत नाही. समुद्राजवळ, वरळी-वर्सोव्याकडे उघड्यावर राहिलेली गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितलीच पाहिजे. खारी हवा सायलेन्सर आणि सस्पेन्शनचे नट आधी खाते. शंभर-दोनशे रुपये देऊन शेजारच्या गॅरेजवाल्याची लिफ्ट मिळते.

पाण्याखेरीज, नव्या पिढीच्या बाजूने आणखी एक मुद्दा पेट्रोलचा. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी तयार असतात. त्याआधीची घेताना टाकीच्या झाकणावरचं स्टिकर किंवा मॅन्युअल वाचा.

कागद

परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहेत का ते पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात. प्रलंबित ई-चलन विक्रेत्याकडून भरून घ्या. चॅसी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला त्या बॅचचा रिकॉल (कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) होता का आणि काम झालं का, हेही विचारा. जुना फास्टॅग बंद करायला सांगा आणि तुमच्या नावाने नवा काढा. गाडी ताब्यात घेताना तारीख, वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहून दोघांनी सही करा, त्याचा फोटो काढा. आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत प्रत्येक चलन जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातं, आणि कुठलं कुणाचं हे त्या कागदावरून ठरतं.