मिश्र कोर्स उघडण्याआधी दुसरा फोन हातात घ्या

मागच्या वर्षी द्वितीय वर्षाचा हवामानशास्त्राचा दोन क्रेडिटचा पेपर मी पहिल्यांदाच काही वर्गात, काही मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर असा शिकवायला घेतला. पहिल्याच रविवारी रात्री पावणेअकराला एका मुलीचा मेसेज आला, "सर, नोट्स उघडत नाहीत, परवानगी मागतंय." खाली स्क्रीनशॉट. मेल उघडला तर तशाच 41 विनंत्या येऊन पडलेल्या. त्या नोट्सवरची चाचणी बारा वाजता बंद होणार होती. घरात नेटवर्क नाही म्हणून ती मुलगी दोन तास गच्चीवर बसून होती, हे मला दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. फार वाईट वाटलं. म्हणून यंदा जे कोणी असा कोर्स बांधायला बसलेत त्यांना मुख्य गोष्ट आधीच सांगतो: कोर्स उघडण्याआधी तो विद्यार्थ्याच्या खात्यातून, साध्या फोनवर, मोबाइल डेटावर पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघा. हे मी पुढेही सांगणार आहे.

सुरुवात तासांपासून. दोन क्रेडिट म्हणजे 30 तास. यूजीसीने 2021 मध्ये मांडलेल्या मिश्र पद्धतीत 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घेता येतो, म्हणजे 12 तास. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक काढून वाचा, विभागप्रमुखांची सही घ्या.

खरा विचार लागतो तो या 12 तासांत काय ठेवायचं याला. वर्गातलं व्याख्यान रेकॉर्ड करून चढवायचं असेल तर हा खटाटोप करूच नका. जे वर्गात होऊ शकत नाही ते ऑनलाइन ठेवा. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, हे फळ्यावर सांगून होतं. पण आपली मुलं वीस-पंचवीस गावांतून येतात. प्रत्येकाने घरी पर्जन्यमापक ठेवला आणि आकडे एकत्र आले, तर पर्जन्यछाया, म्हणजे डोंगरामागचा कमी पावसाचा पट्टा, त्यांच्याच तालुक्यात दिसते. प्लॅस्टिकची सरळ बाजूंची बाटली घ्यायची, वरचं तोंड कापून उलटं बसवायचं. बुडाला खळगे असतात, म्हणून तळाशी खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. पट्टी चिकटवायची. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. वाचन झालं की पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणायचं. या एका कामात मुलं जेवढं शिकली तेवढं माझ्या चार व्हिडिओंत शिकली नाहीत. आकडे मात्र फॉर्ममधून घ्या. सगळ्यांना एकच शीट उघडी दिलीत तर कोणाच्या तरी अंगठ्याने आठवड्याभराची ओळ पुसली जाते.

व्हिडिओ आठ-दहा मिनिटांचे, बस. रोजचा दीड जीबी डेटा कितीतरी घरांत दोघं-तिघं वाटून वापरतात, तेव्हा प्रत्येक व्हिडिओसोबत दोन पानांची टिपणं द्या, म्हणजे व्हिडिओ न बघताही गाडी अडत नाही. श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्सची वर्ड फाइल तशीच चढवू नका, फोनवर इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. युनिकोडमध्ये करून घ्या, वेळ जातो, पण इलाज नाही.

आता पुन्हा तेच. मूडलमध्ये भूमिका बदलून विद्यार्थी म्हणून पाहिलं की तपासणी झाली, असं मला वाटलं होतं. ती झाली नव्हती. मूडलमधली भूमिका बदलते, पण नोट्स ज्या गूगल ड्राइव्हवर असतात, तिथे त्याच ब्राउझरमध्ये तुम्ही स्वतःच्याच खात्याने आत असता. तुमची फाइल तुम्हाला उघडणारच! मुलांना ती बंद असते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून दुसरा फोन, दुसरं खातं, वायफाय बंद. घरातल्या कोणाचा तरी जुना फोन मागा. प्रत्येक दुवा दाबा, प्रत्येक फाइल उघडा, चाचणी खरोखर सोडवून जमा करा, बाटलीचा फोटो खरोखर चढवा. समदाबरेषांचा (सारखा हवेचा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा लॅबच्या मॉनिटरवर छान दिसतो, फोनवर त्याचे आकडे वाचता येतात का बघा. मला या सगळ्याला अडीच तास लागले. ते तास पहिल्याच वर्षी दिले असते तर ती 41 मुलं खोळंबली नसती. आणि एकदा करून थांबू नका. मध्येच फाइल बदललीत, नवा दुवा टाकलात, की तो दुसऱ्या फोनवर पुन्हा उघडा. "एवढंच तर बदललंय" म्हणून सोडाल तर नेमकं तिथेच अडेल.

चाचणीची वेळ लावताना सर्व्हरचा टाइमझोन कोलकाता आहे का ते तपासा, नाहीतर चाचणी भलत्याच वेळी उघडते. रात्री बाराची मुदत देऊच नका, बाराचा एएम-पीएम घोळ होतो आणि मदतीला तुम्ही जागे नसता. सकाळी अकरा द्या.

पहिल्या आठवड्यात गुणांचं काहीच नको, फक्त लॉगिन आणि एक सोपा प्रश्न, तोही वर्गात सगळ्यांना बसवून करून घ्या. शंकांसाठी वॉट्सअ‍ॅप गट चालेल, पण मुदती आणि सूचना मूडलवरच. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची नावं आधी घ्या, लॅबची वेळ ठरवा. अभिप्राय आठवड्याच्या आत. गुणांची नोंद दर पंधरवड्याला उतरवून ठेवा. सत्रान्त परीक्षा नेहमीसारखी, त्यात वेगळं काही नाही. गुण जाहीर करण्याआधी गुणपत्रकाचं पान त्या दुसऱ्या फोनवर उघडा आणि एका विद्यार्थ्याला दुसऱ्याचे गुण दिसत नाहीत ना, ते बघा.