आरसीबीओ उलटा जोडला आणि टेस्ट बटणच मेलं, माझा अनुभव

गीझरच्या लाइनला ३० मिलीअँपचा आरसीबीओ बसवला होता (करंट गळला, म्हणजे शॉकच्या वेळी, किंवा ओव्हरलोड-शॉर्ट झालं की आपोआप पडणारा खटका; ३० मिलीअँप म्हणजे इतक्या गळतीला पडतो), बोर्डात मेनची वायर खालून येत होती म्हणून मी सप्लाय खालीच जोडला, एमसीबीला (फक्त ओव्हरलोड-शॉर्टला पडणारा साधा खटका) चालतं तर यालाही चालेल असं वाटलं. पहिल्यांदा टेस्टचं बटण दाबलं, खटका पडला. पण आतून बारीक घूं असा आवाज आणि जळका वास. परत चढवून बटण दाबलं तर काहीच नाही, गीझर मात्र मस्त चालू! म्हणजे शॉक लागला असता तर हा पडलाच नसता, अंगावर काटा आला.

मेन बंद करून, टेस्टरने बघून बाहेर काढला. वर बारीक अक्षरात लाइन (सप्लाय येतो ती बाजू), खाली लोड (गीझरकडे जाते ती बाजू) छापलेलं. या इलेक्ट्रॉनिक प्रकारात ट्रिप कॉइलला (खटका पाडणारी कॉइल) करंट लोडच्या बाजूने मिळतो, सप्लाय तिथेच दिला की खटका पडल्यावरही कॉइल चालूच राहते आणि जळते. काही आरसीसीबी (फक्त गळतीला पडणारे खटके) दोन्हीकडून चालतात, पण अंगावर तसं छापलं असेल तरच, अंदाजाने नको.

नवीन आणला, वायर वाढवून सप्लाय वरून दिला. गीझरचा न्यूट्रल पण त्याच्याच खालच्या एन मध्ये घेतला, बोर्डातल्या सगळ्या न्यूट्रलच्या कॉमन पट्टीवर ठेवला तर गीझर लावला की लगेच ट्रिप होतो. आता दर महिन्याला बटण दाबतो, एका झटक्यात पडतो.