बेळगावच्या कुटुंबाने अबुधाबीचे सीवर्ल्ड कसे पाहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील कितीतरी घरांतील मुलगा, जावई किंवा भाऊ नोकरीनिमित्त आखाती देशांत आहे आणि दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत त्याच्याकडे जाऊन यायचे ठरले की मुलांच्या तोंडी पहिले नाव येते ते यास बेटावरील सीवर्ल्डचे. मासे, शार्क, पेंग्विन, डॉल्फिन आणि त्यांच्याच मधून धावणारी रोलर कोस्टर असे हे उद्यान २३ मे २०२३ रोजी सुरू झाले. तेथे जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की पूर्वतयारी न करता गेल्यास दिवस रांगांत आणि छायाचित्रांत संपतो, आणि जे प्राणी पाहण्यासाठी एवढा खर्च केला ते डोळ्यांसमोरून नुसते सरकून जातात. म्हणून काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काचेपलीकडे नेमके काय पाहावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात पासपोर्टापासून करावी लागते. आपल्या भागात शाळेच्या दाखल्यावर नाव एका पद्धतीने आणि इतर कागदपत्रांवर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते. कोठे आडनाव शेवटी, कोठे केवळ आद्याक्षरे, तर कोठे आडनावाची जागाच रिकामी. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून, पासपोर्टावर एकच शब्दाचे नाव असलेल्या पर्यटकांवर निर्बंध घातले आहेत. आमच्या वहिनींच्या पासपोर्टावर आडनावाची जागा कोरी होती. हे तिकिटे काढण्याआधी लक्षात आले म्हणून निभावले. नाहीतर विमानतळावरून परत फिरण्याची वेळ आली असती. घरातील प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले आहेत ना, हे व्हिसाच्या अर्जापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि एखादा रकाना कोरा असल्यास व्हिसा काढून देणाऱ्यांकडून सध्याचा नियम लेखी विचारून घ्यावा.

दुसरी गोष्ट सामानाची. पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून आपण कुंदा, मांडे, अनारसे बांधून घेतो. परंतु खसखस त्या देशात नेण्यास बंदी आहे आणि अनारशांवर ती हमखास असते. त्यामुळे अनारसे घरीच ठेवावेत आणि मसाल्याच्या पुड्यांतही खसखस नाही याची खात्री करून घ्यावी. खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधे न्यायची असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी आणि कोडीन किंवा ट्रामाडोल असलेली औषधे पूर्वपरवानगीशिवाय मुळीच नेऊ नयेत.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नसल्याने गोव्यातील मोपा, बंगळूर किंवा मुंबई यांपैकी एक विमानतळ निवडावा लागतो. मोपाला जाण्यासाठी आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा हा रस्ता लहान मुले सोबत असताना मला अधिक सोयीचा वाटतो. अबुधाबीचा विमानतळ यास बेटाच्या अगदी जवळ आहे, तर दुबईला उतरल्यास मोटारीने साधारण तासभर किंवा थोडा अधिक वेळ धरावा. तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागे असते, त्यामुळे पहिल्या दिवशी मुले पहाटेच जागी होतात. उद्यान उघडण्याआधी दारात पोहोचण्यासाठी या सवयीचा उपयोग करून घ्यावा.

दिवस निवडताना हे ध्यानात ठेवावे की २०२२ पासून तेथे शनिवार आणि रविवारी सुट्टी असते व शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते, म्हणून मंगळवार किंवा बुधवार पाहावा. उद्यानाचा बहुतेक सगळा भाग छताखाली आणि वातानुकूलित असल्याने उन्हाळ्यातही आत त्रास होत नाही. तरीही एकूण प्रवासासाठी नोव्हेंबर ते मार्च हाच काळ सुखाचा. ध्रुवीय विभागात चांगलीच थंडी असते. डिसेंबरात बेळगावात वापरतो तोच स्वेटर बरोबर घ्यावा, विशेषतः आजी-आजोबांसाठी. चालणे पुष्कळ होते, म्हणून गुडघे दुखत असणाऱ्यांसाठी चाकाच्या खुर्चीची व्यवस्था आधी विचारून ठेवावी.

उद्यान पाच मजल्यांवर पसरलेले असून त्याचे आठ विभाग आहेत. मध्यभागी ‘वन ओशन’ आणि तेथून बाकीच्या विभागांकडे वाटा फुटतात, त्यामुळे चुकामूक झाल्यास येथेच भेटायचे असे आधी ठरवावे. क्रमाविषयी माझा सल्ला काहींना उलटा वाटेल: ज्या मुलांना मँटा या रोलर कोस्टरमध्ये बसायचे आहे त्यांना दार उघडताच, रांग वाढण्यापूर्वी, उपाशी नव्हे पण हलक्या पोटी, तेथे न्यावे. राइडची ओढ मनात असेपर्यंत मूल शार्ककडे पाहत असले तरी त्याचे लक्ष कोस्टरच्या आवाजाकडे असते. ती ओढ एकदा फिटली की उरलेला दिवस प्राण्यांना मिळतो. उंचीची अट दारावर मोजूनच लावली जाते, म्हणून घरीच भिंतीशी उभे करून उंची मोजावी आणि संकेतस्थळावरील अटीशी ताडून पाहावी; हिरमुसलेले मूल सांभाळण्यापेक्षा हे सोपे आहे. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी या राइडपासून दूरच राहावे. अगदी लहान मुलांसाठी ‘मायक्रो ओशन’ विभाग आहे. त्यासाठी एक तास पुरतो.

आता मुख्य भाग. ‘एंडलेस ओशन’मधील महाटाकीत सुमारे २.५ कोटी लिटर पाणी आहे. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर असे अडीच हजार टँकर रिकामे केल्यावर ती टाकी भरेल. मुलांना हा हिशेब काचेसमोर उभे असतानाच करायला लावावा. येथे पटापट पुढे सरकू नये. एक जागा निवडून किमान वीस मिनिटे बसावे, मोबाइल खिशात ठेवावा, काचेवर थापट्या मारू नयेत आणि फ्लॅश बंद ठेवावा. पहिली पाच मिनिटे केवळ गर्दी दिसते. त्यानंतर हळूहळू एकेक प्राणी वेगळा ओळखू येऊ लागतो आणि तोच लहान मासा पुन्हा पुन्हा त्याच दगडाशी येतो हेही कळते.

काय पाहायचे याची तयारी बेळगावच्या मासळी बाजारातच करता येते आणि ती मी आवर्जून सुचवीन. निघण्याआधीच्या रविवारी मुलांना सोबत न्यावे. मोरी, म्हणजेच लहान शार्क, हातात घेऊन तिच्या कल्ल्यांच्या फटी डोक्याच्या बाजूला असतात हे दाखवावे. वागळी उलटी करून तिच्या फटी पोटाच्या बाजूला असतात हे दाखवावे. विक्रेत्या मावशींना विचारले तर त्या मोरीचा खरखरीत कातडा बोटांनी चाचपूनही पाहू देतात. हे केलेले मूल महाटाकीसमोर उभे राहिले की डोक्यावरून जाणाऱ्या वागळीच्या पोटाकडे बोट दाखवून स्वतःच फटी मोजू लागते. आमच्या घरी हेच घडले आणि सगळा खर्च सार्थकी लागला असे मला त्या क्षणी वाटले.

पुढच्या विभागांतही असेच एकेक प्रश्न घेऊन जावे. माशाची शेपटी डावीकडून उजवीकडे हलते, तर डॉल्फिनची वर-खाली; डॉल्फिनला कल्ले नसतात, तो डोक्यावरील छिद्रातून श्वास घेण्यासाठी वर येतो, कारण तो आपल्यासारखाच सस्तन आहे. ‘रॉकी पॉइंट’मधील समुद्रसिंहाला बाहेरून दिसणारे छोटे कान असतात, जे खऱ्या सीलला नसतात. वॉलरसचे लांब सुळे नर आणि मादी दोघांनाही येतात. ध्रुवीय विभागात पफिन हे समुद्रपक्षी आणि पेंग्विन एकाच दिवशी पाहायला मिळतात, पण निसर्गात पफिन उत्तर गोलार्धात राहतात आणि अंटार्क्टिकाचे पेंग्विन दक्षिण टोकाशी, त्यामुळे त्यांची कधी गाठ पडत नाही. पृथ्वीचा गोल घरी असेल तर हे आधीच दाखवून ठेवावे. पेंग्विन बर्फावर डुलत चालतो तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात, परंतु खरे पाहण्यासारखे आहे ते पाण्याखाली, जेथे तो पंखांनी अक्षरशः उडतो. प्राण्यांना खाऊ घालण्याच्या आणि माहिती देण्याच्या वेळा सकाळीच टिपून घ्याव्यात आणि जेवणाची वेळ त्यांच्याभोवती बसवावी.

डॉल्फिनच्या सादरीकरणाविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलावे, असे मला मनापासून वाटते. सीवर्ल्ड या अमेरिकी कंपनीचे पहिले उद्यान १९६४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे निघाले आणि अनेक वर्षे तेथील ऑर्का, म्हणजेच किलर व्हेल, हेच तिचे मुख्य आकर्षण होते. बंदिवासातील ऑर्कांवरून लोकमत बदलत गेले, २०१६ मध्ये कंपनीने त्यांची पैदास थांबवण्याचे जाहीर केले आणि अबुधाबीत ऑर्का आणलेच नाहीत. आपल्या देशात मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन ठेवून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना, परवानगी देऊ नये असे परिपत्रक काढले. दुसऱ्या बाजूला, यास बेटावरील या उद्यानाला लागूनच सागरी प्राण्यांच्या संशोधनाचे व सुटकेचे केंद्र आहे. या दोन्ही गोष्टी दहा-बारा वर्षांच्या मुलाला समजतात. ‘हा डॉल्फिन येथे सुखी असेल का?’ असे त्याने विचारले तर विषय बदलू नये.

त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याला जवळच मिळते. परत आल्यावर, पावसाळा सोडून एखाद्या सकाळी, खानापूर, रामनगर, जोयडा करीत कारवार गाठावे. किनाऱ्याजवळच्या पाण्यात हंपबॅक डॉल्फिन असतात. होडी ठरवताना लाइफ जॅकेट सर्वांना पुरतील इतके आहेत का हे पाहावे, आणि डॉल्फिन दिसताच पाठलाग न करता इंजिन बंद करून थांबण्यास तयार असलेलाच नावाडी निवडावा. ते कधी दिसतात, कधी दिसत नाहीत; हे मुलांना होडीत बसण्याआधीच सांगून ठेवावे.